अविकारी आणि अविकारक

कीर्तन संपून, कपाळी बुक्का लावून मंडळी मंडपाबाहेर पडू लागली की हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरसारख्या गावात तर येतोच येतो. कारण इथे काकडआरती, बांग आणि चर्चची घंटा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदतात. प्रश्न असा : "महाराज, अमक्याच्या आज्याने धर्म बदलला. हा रविवारी चर्चला जातो आणि एकादशीला आपल्या कीर्तनात येऊन टाळही धरतो. मग हा नक्की कोणाचा?"

विचारणाराच्या मनात पाप असते असे नाही. पुष्कळदा तो भाबडेपणानेच विचारतो. पण त्या 'नक्की' शब्दात एक सुई आहे. ती ज्याला टोचायची त्याला टोचतेच, आणि तो पुढच्या एकादशीला येत नाही. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करावा असे आम्हांस वाटले. विचार करताना एका अनपेक्षित ठिकाणाहून, म्हणजे गणिताच्या पुस्तकातून, थोडा उजेड मिळाला. तोही वाचक माउलींपुढे ठेवतो. गणित म्हटल्यावर कोणी पान उलटू नये. शून्य आणि एक एवढे दोनच आकडे लागतील.

इंग्रजीत 'आयडेंटिटी' असा एक शब्द आहे. माणूस कोण, कोणत्या समाजाचा, हे सांगायला तो वापरतात, आणि गणितातही तोच वापरतात. मराठीने मात्र या एका शब्दाची वेगवेगळी भाषांतरे केली, आणि आमच्या मते त्यात मराठीचे शहाणपण आहे. समाजाच्या बाबतीत आपण 'ओळख' म्हणतो, जरा आवाज चढवायचा असला म्हणजे 'अस्मिता' म्हणतो. आज सभांतून अस्मितेचा जयजयकार होतो. पण पतंजलींनी योगसूत्रांत जे पाच क्लेश सांगितले त्यांत अविद्येच्या पाठोपाठ दुसरा क्लेश अस्मिता हाच आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असे मानून बसणे, ही त्यांची अस्मिता. असो. गणिताच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र या शब्दाला 'अविकारक' म्हटले. जो दुसऱ्यात विकार उत्पन्न करीत नाही तो अविकारक.

शाळेतल्या पोराला विचारा, पाच अधिक शून्य किती? पाच. सात अधिक शून्य? सात. शून्य कोणालाही भेटले तरी त्याला होता तसा ठेवते. म्हणून बेरजेत शून्य हा अविकारक. गुणाकारात ते काम एक हा आकडा करतो. पाच एके पाच, सात एके सात. शून्याचे हे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन 628 मध्ये आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात नोंदवून ठेवले, म्हणजे विद्या आपल्या घरचीच.

पण एक गंमत पाहा. बेरजेत जे शून्य इतके सोज्वळ, तेच गुणाकारात गेले की समोर येईल त्याला गिळून टाकते. पाच शून्ये शून्य, हजार शून्ये शून्य. शून्य तेच, व्यवहार बदलला आणि स्वभाव उलटा झाला. याचा अर्थ असा की 'अविकारक' हा कोणाच्या अंगाला चिकटलेला गुण नाही. कोणत्या क्रियेने तो दुसऱ्याशी जोडला जातो त्यावर तो ठरतो. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटले. माणसाची किंवा समाजाची ओळख सांगताना आपण नाव, गंध, माळ, क्रूस, पोशाख यांच्याकडे बोट दाखवतो. त्या वस्तू इतरांशी जोडल्या जाताना काय करतात, हे विचारतच नाही.

अमूर्त बीजगणित म्हणून गणिताची जी शाखा आहे ती हाच प्रश्न विचारते. आकडे कोणते याला तिच्या लेखी महत्त्व नाही. जोडणीचे नियम कोणते, एवढेच ती पाहते. तिच्यात 'गट' म्हणून एक कल्पना आहे. एव्हारिस्त गाल्वा नावाचा फ्रेंच तरुण 1832 साली वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याच्या कागदांतून ही कल्पना पुढे आली, आणि 1854 मध्ये केली या इंग्रज गणितीने तिची व्याख्या मांडली. गटाला नियम आहेत. (गावातल्या गटांना नाहीत, ही गोष्ट निराळी.) गटातले कोणतेही दोघे जोडले तर जे निघेल ते गटातलेच असावे, तिघांना जोडताना आधी कोणती जोडी धरली याने फरक पडू नये, गटात एक अविकारक असावा, आणि प्रत्येकाला त्याचा व्यस्त असावा, म्हणजे ज्याच्याशी जोडला असता तो पुन्हा अविकारकापाशी येईल असा जोडीदार. पाच पावले पुढे गेलात तर पाच पावले मागे येण्याची वाट उघडी पाहिजे. ही वाट नसेल तर गणिती त्याला गट म्हणत नाही.

आता आपण पैठणकडे वळू. आमच्या शहरापासून पन्नास किलोमीटरवर गोदाकाठी पैठण, आणि पैठणाजवळ आपेगाव, विठ्ठलपंतांचे गाव. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसले. गुरूंना त्यांची पत्नी हयात असल्याचे कळले तेव्हा त्यांनीच त्यांना माघारी धाडले. ते परत गृहस्थाश्रमात आले. पुढची कथा प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. संन्यासातून परतीची वाट शास्त्रात नाही, प्रायश्चित्त एकच, देहान्त. उभयतांनी ते घेतले असे चरित्रकार सांगतात. उरली ती चार लेकरे, 'संन्याशाची पोरे'. ती शुद्धिपत्र मागायला पैठणास आली.

शुद्धिपत्र म्हणजे काय? तुम्ही नक्की कोणाचे, याचा कागद. आमच्या संप्रदायाचा पाया ज्याने घातला त्याला लहानपणी हा कागद मागत दारोदार फिरावे लागले. रेड्याच्या मुखी वेद वदवल्याची जी कथा पैठणला घडली म्हणतात, तिचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची शंका उरतेच : एकाच चैतन्याने सगळे भरले आहे असे जे म्हणतात, त्यांनी कोणाला वेद म्हणण्याचा अधिकार आहे हे कोणत्या तोंडाने ठरवावे?

वाट बंद करण्याची ही रीत सहाशे वर्षांनीही सुटली नव्हती. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण त्यांच्या पंक्तीला तो जेवला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा ताब्यात मिळवला. आता जातीत घ्यायचा कसा? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या म्हणून त्यांनी खटपट केली. त्यावर मुंबई-पुण्याच्या सनातन्यांनी केवढा गहजब केला! एका अजाण पोराने अन्न खाल्ले, एवढ्यावरून त्याला आईच्या घराचे दार बंद. ज्यांनी दार लावले त्यांनीच पुढे 'आमची माणसे का जातात' म्हणून कपाळावर हात मारून घ्यावा, यासारखा विनोद नाही.

थोरला भाऊ नारायण शेषाद्री मात्र आमच्या मराठवाड्यात आला. 1860 नंतर त्याने जालन्यास मिशनचे काम मांडले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच. वेगळा जिल्हा झाला तो 1981 मध्ये. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आले ते बहुतेक महार आणि मांग वस्तीतले लोक. 1873 साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषद भरली तेव्हा हा गृहस्थ डोक्यावर पागोटे घालून तिथे उभा राहिला. पागोट्याने त्याचा ख्रिस्त बाटला नाही, आणि ख्रिस्ताने त्याचे पागोटे उतरवले नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सगळीकडे असे झाले नाही.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांचे गुणगान वारकरी मासिकात कशाला? गुणगान नाही बाबांनो. त्यांच्या घरातही हाच तंटा पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून आपल्या घरचा समजणार नाही. येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदी. ग्रीक लोक पंथात येऊ लागले तेव्हा यक्षप्रश्न पडला : यांनी आधी सुंता करून यहुदी व्हावे आणि मग ख्रिस्ती, की आहेत तसेच चालतील? पहिल्या शतकाच्या मध्याला यरुशलेमात बैठक बसली आणि सुंतेची सक्ती नको असे ठरले. पण ठरल्याने भागते थोडेच! अंत्युखियात पेत्र, म्हणजे येशूच्या शिष्यांत अग्रगण्य, ग्रीकांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची कडक मंडळी आली तसा तो हळूच उठून बाजूला झाला. पावलाने त्याला सर्वांसमक्ष झाडले, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ही हकीगत स्वतःच लिहून ठेवली. वाचताना आम्हांस आपल्याकडचा पंक्तिभेदच आठवला. पाहुणे आले की पान सरकवणारे सर्व धर्मांत सापडतात.

गोव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यास आला, मराठी शिकला, ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीची वाट त्याने धरली आणि 1616 मध्ये रायतूर येथे त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. येशूची कथा आली आणि मराठी मराठीच राहिली, किंबहुना अधिकच फुलली. ही झाली शून्याची बेरीज. पण त्याच गोव्यात 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. आणि 1736 मध्ये इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्यांना बजावले की दारी तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. दारातली तुळससुद्धा नको! ही झाली त्याच शून्याची गुणाकारातली करणी. येशू तोच, चर्च तेच. जोडणी बदलली.

या दोन जोडण्यांतला फरक ज्याने स्वतःच्या अंगावर सोसला असा एक मराठी माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861 चा जन्म, चित्पावन ब्राह्मण, कवी. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर वीज कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या, काही काळ तर आपल्या पंढरपुरातच. पुढे त्या टिळकांजवळ परत आल्या तरी धर्म आपला पाळत होत्या, सोवळे निराळे, स्वयंपाक निराळा. सोवळे गळाले ते कोणा पाद्र्याच्या उपदेशाने नव्हे. जात ही देवाने केली नाही, माणसाने केली, हे एक दिवस त्यांचे त्यांनाच लख्ख दिसले. कोणाच्याही हातचे खायला त्या तेव्हापासून लागल्या, आणि बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचले नसेल त्याने जरूर वाचावे. रडवते आणि हसवते.

टिळक तुकोबांना कधी सोडू शकले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे ते बोलत. त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, भजने रचली. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींत टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तने होत. हे सगळे गोऱ्या मिशनरींच्या शिस्तीत बसेना. अखेर 1917 साली टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्याची मुख्य गोष्ट अशी की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा. खूण असो वा नसो. दोन वर्षांनी, 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. ज्यांनी त्यांना टाकले ते म्हणत हा बाटगा, ज्यांनी घेतले ते म्हणत याच्यात हिंदूपण फार राहिले. 'नक्की कोणाचा' हा प्रश्न त्या बिचाऱ्याला दोन्ही दारांत विचारला गेला.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला तो शब्द. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, त्याचा शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्य आपल्या बीजगणितात 'खहर' नावाची राशी सांगतात. ख म्हणजे शून्य. शून्याने भागले असता जी अनंत राशी येते ती खहर. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, तिच्यात विकार होत नाही. आणि इथे ते गणित सोडून देवाचे नाव घेतात : सृष्टीच्या वेळी अगणित जीव बाहेर पडले आणि प्रलयात आत शिरले तरी अनंत अच्युताच्या ठायी जसा फरक होत नाही तशी ही राशी, असे ते म्हणतात.

हा झाला अविकारी : ज्याच्यात दुसऱ्यामुळे विकार होत नाही. आणि शून्य हा अविकारक : जो दुसऱ्यात विकार करीत नाही. दोन शब्द कानाला जुळ्या भावांसारखे, पण अर्थाने पार निराळे. पाच अधिक शून्य केले तर शून्य स्वतः कुठे उरले? ते पाचात विरून गेले. पाच मिळवलेले खहर मात्र खहरच राहते, विरतात ते पाच.

आमचे म्हणणे असे की समाज आपली ओळख सांगतात तेव्हा त्यांना अविकारी व्हायचे असते. शेकडो येवोत, शेकडो जावोत, आम्ही आहोत तसेच राहू. येणाराने विरून जावे. चर्चला हेच हवे असते, मठाला हेच हवे असते, आणि आमच्या फडांनाही बहुतेक वेळा हेच हवे असते, हे कबूल केले पाहिजे. पण असे अविकारी होण्याचा अधिकार एका अच्युताचा. पन्नास घरांच्या समाजाने तो मिरवू लागावे म्हणजे बेडकीने बैल होण्यासारखे आहे. ज्याच्यापाशी येणारा येणाराच राहतो, अशी जागा आपल्यात आहे का, हे समाजाने पाहावे.

असा अविकारक नसतानाही एखादा मेळा मोठा सुरळीत चालू शकतो, हेही गणित सांगते. दोन, चार, सहा, आठ या सम संख्यांचा मेळा घ्या. कोणत्याही दोघांचा गुणाकार करा, उत्तर मेळ्यातलेच येते. शिस्त उत्तम, बाहेरचा कोणी नाही. पण एक हा आकडा त्या मेळ्यात नाही, कारण तो सम नव्हे. परिणाम काय? जो ज्याला भेटतो तो त्याला फुगवतो. कोणी कोणाला होता तसा राहू देत नाही. असे मेळे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक सिद्धान्त सांगून गणित पुरे करतो. अविकारक असला तर एकच असतो, दोन असू शकत नाहीत. समजा दोघे आहेत, अ आणि आ. दोघांना एकमेकांशी जोडा. अ अविकारक, म्हणून उत्तर आ आले पाहिजे. आ अविकारक, म्हणून उत्तर अ आले पाहिजे. जोडणी एक, उत्तर एक. मग अ आणि आ वेगळे कसे? पोराला पाटीवर करून दाखवता येईल इतके सोपे आहे. यातून देव एक आहे हे सिद्ध झाले असे मात्र कोणी कीर्तनात सांगू नये. असला तर एकच, एवढेच यातून सिद्ध होते. आहे की नाही हे मेळ्यागणिक पाहावे लागते, सम संख्यांत तो नव्हताच. विठोबाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे सांगून ज्या संतांनी हरिहरांचा तंटा मिटवला, त्यांना हे पाटीवर मांडावे लागले नाही, एवढे खरे.

आमच्या पंढरपुरात तो अविकारक आहे का? आहे, असे आम्ही म्हणतो. विटेवर, कटेवर हात ठेवून. त्याने कोणाला ओढले नाही, ढकलले नाही. गोरोबा त्याला भेटले आणि कुंभारच राहिले. सावता माळी मळ्यातच राहिले, नरहरी सोनाराने भट्टी मोडली नाही, सेना न्हाव्याने धोकटी टाकली नाही, जनाबाईचे दळण थांबले नाही. कोणाला आपले गाव, धंदा, बोली बदलावी लागली नाही. आमच्याच मुलखातला पुरावा पाहा. देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी अमलात चाकरी करणारे जनार्दनस्वामी नाथांचे गुरू. आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी वेषात वावरत, अशी परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान जन्मले, मुसलमान राहिले, आणि संतमंडळात त्यांची जागा कोणी हलवू शकले नाही.

इथे उपमा तुटते, ते लपवण्यात अर्थ नाही. पाच अधिक शून्य केल्यावर पाचात कणभर फरक पडत नाही, गोरोबांत पडला. ते कुंभार राहिले खरे, पण ज्याचे मडके कच्चे ते ओळखण्याचा हात त्यांना आला. वारी करून माणूस घरी परततो, गेला तितकी पावले परत येतो. गणिताने उत्तर शून्य. घरची मंडळी विचारा म्हणजे उत्तर काय ते सांगतील. नाव, जात, बोली, ताटातले अन्न यांना हात न लावता आत काहीतरी हलवणारी ही जोडणी कोणत्या गटात बसते, हे गणित्यांनी सांगावे. आम्हांस सापडले नाही.

आणि देव अविकारक असला म्हणून देऊळही तसे असते असे नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आत नाही. पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावे लागले. तोवर किती पिढ्या पायरीवरून माघारी गेल्या! बेथेलला कोण गेले असे कोणी विचारले तर आम्ही या पायरीकडे बोट दाखवू. ज्यांना दोन्ही ठिकाणी थोडी थोडीच जागा मिळाली अशी ती माणसे. चर्चमध्येही जातीचे अंतर पुष्कळ ठिकाणी त्यांच्या मागोमाग गेले. पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी झाली; तीत हिंदूंखेरीज 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे धर्म बदलताच कागदावरची जात पुसली गेली आणि गल्लीतली तशीच राहिली.

आमच्या गावानेही नावे पुष्कळ पाहिली : खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. कॅथलिकांचा धर्मप्रांत 1977 साली औरंगाबादच्या नावाने स्थापन झाला. आमच्या म्हाताऱ्या आया अजून सवयीने जुनेच नाव घेतात आणि कोणी त्यांना अडवत नाही. नावाच्या बाबतीत गावाला जेवढी सूट आपण देतो तेवढी शेजाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

तर मग त्या टाळ धरणाऱ्या गृहस्थाचे काय? कोणी म्हणेल, उद्या माळही नको म्हणाल. तसे आम्ही कदापि म्हणणार नाही. माळ हे व्रत आहे; ज्याने घातली त्याने एकादशी पाळावी, वारी चुकवू नये, मांस-मद्य वर्ज्य करावे. हे बंधन ज्याच्या गळ्यात माळ त्याच्यावर. ज्याच्या गळ्यात नाही त्याला मोजायला ती नाही. आणि तो गृहस्थ चर्चला जातो हे आपल्याला खटकत असेल तर एवढेच आठवावे, की त्यानेही आपल्याला तिकडे ओढलेले नाही. कोणी भोळ्या माणसाला पैशाचे किंवा औषधाचे आमिष दाखवून ओढत असेल तर ते आम्हांस मुळीच मान्य नाही, ते शून्याने गुणणेच झाले. पण हा टाळ धरून बसलेला माणूस तो नव्हे, हे डोळ्यांनी दिसत असताना त्याला त्या कोठ्यात घालू नये.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघते. तिच्याबरोबर चालायला या वर्षी असा कोणी आला तर विणेकऱ्याने त्याला आडनावावरून कुळ विचारू नये, चोपदाराने टाळकऱ्यांच्या ओळीत जिथे जागा असेल तिथे उभे करावे. दिंडीच्या वहीत नाव, गाव आणि घरच्या माणसाचा फोन एवढे लिहून घ्यावे. नवखा असेल तर पहिल्या दोन मुक्कामांना पायाला फोड येतात, तेव्हा तेल आणि जुने धडके जवळ ठेवायला सांगावे.